९.२ चा रिसीव्हर घेऊ का? आधी तुमचा हॉल बघू

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके घेतलाय, इंटिरियरचं काम चालू आहे आणि हॉलचं पीओपी पुढच्या आठवड्यात सुरू होईल. हॉल सोळा बाय साडेदहा फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर. टीव्ही लांब भिंतीवर लागेल, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, डाव्या हाताला बाल्कनीचं काचेचं स्लायडिंग आणि उजवीकडे डायनिंग, तिकडे भिंतच नाही. होम थिएटरसाठी सगळं मिळून दीड लाख ठेवलेत. दुकानात तीन रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटून देणारं मशीन) दाखवले. ४२ हजारांचा ५.२, त्यात अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) नाही आणि साधं एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने रिसीव्हरकडे आणायची सोय). ७४ हजारांचा ७.२, त्यात अ‍ॅटमॉस, ईएआरसी म्हणजे सुधारलेलं एआरसी, वायफाय. आणि १ लाख १८ हजारांचा ९.२, त्यात ८के, प्रीआउट (बाहेरचा अ‍ॅम्प जोडायची जागा), झोन टू (दुसऱ्या जागी वेगळा आवाज) सगळंच आहे. दुकानदार म्हणतो एकदाच घेताय तर रिसीव्हर मोठा घ्या, स्पीकर काय नंतर बदलता येतात. घरात ओटीटी आणि क्रिकेट जास्त चालतं, मुलाला पीएस-फाइव्ह घ्यायचाय. आईला हल्ली टीव्हीवरचं बोलणं नीट कळत नाही. बायकोचं म्हणणं जमिनीवर खोकी आणि वायरी दिसायला नकोत. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं त्यांनाही त्रास नको. वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे, त्याच्यासाठी फोनो इनपुट (प्लेयरचा बारीक सिग्नल वाढवणारी जोडणी) लागेल का? नक्की कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही?

ताईचं उत्तर:

भाऊ, आधी उत्तर सांगून टाकते आणि मग कारणं, कारण पीओपीच्या आधी तुम्हाला काही कामं उरकायचीत. तिघांपैकी ७४ हजारांचा घ्या. त्याच्याच मागच्या वर्षीच्या मॉडेलचा सीलबंद पीस कुठे शिल्लक असेल तर तो मागा, नवीन सिरीज आली की जुन्यावर बऱ्यापैकी सूट मिळते आणि तुमच्या कामाचं त्यात सहसा काही कमी नसतं. ९.२ चा विचार सोडून द्या.

रिसीव्हर मोठा घ्या आणि स्पीकर नंतर बदला हे मला अजिबात पटलेलं नाही, कारण जुनं होतं ते रिसीव्हरचं. एआरसी आलं २००९ ला एचडीएमआय १.४ बरोबर, मग २०१३ ला २.० आलं, २०१४ ला घरगुती अ‍ॅटमॉस आलं, २०१७ ला २.१ आणि त्याच्याबरोबर ईएआरसी, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी मागच्या पोर्टांमध्ये काहीतरी नवीन येतंच आणि जुना रिसीव्हर वाजायला उत्तम असूनही मागे पडतो. चांगल्या स्पीकरला असलं काही नसतं, नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं कुठे जात नाही. आणि साधा हिशोब करा ना, दीड लाखातले १ लाख १८ हजार रिसीव्हरला गेले तर हातात ३२ हजार उरतात, त्यात नऊ स्पीकर आणि सबवूफर कसले आणणार? शेवटी तुमच्या कानावर जे पडणार आहे ते स्पीकरमधून पडणार आहे.

आता चॅनलचं बघू, कारण दुकानात सगळ्यात आधी तोच आकडा पुढे करतात. ७.२ मधले सात म्हणजे रिसीव्हरच्या आत सात स्पीकर चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि दोन म्हणजे सबवूफरची दोन आउटपुट (बहुतेक मॉडेलमध्ये दोन्हीतून एकच सिग्नल जातो, वेगवेगळा सेट करता येत नाही, हेही विचारून घ्या). हे सात दोन तऱ्हेने वापरता येतात. एक म्हणजे पुढे तीन, बाजूला दोन, पाठीमागे दोन. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे म्हणजे पाठीमागे जागाच नाही, हा प्रकार बाद. दुसरा म्हणजे पुढे तीन, सराउंड म्हणजे आजूबाजूचे दोन आणि छतात दोन, याला ५.१.२ म्हणतात, आणि पीओपी अजून व्हायचंय म्हणून तुमच्यासाठी हाच बरोबर आहे. नऊ चॅनल घेतले तर छतात चार स्पीकर लावायचे असतात, दोन डोक्याच्या पुढे आणि दोन मागे, आता तुमच्या डोक्यामागे दीड फुटावर भिंत आहे तर ते मागचे दोन लावणार कुठे? म्हणजे दोन अ‍ॅम्प्लिफायर नुसते पडून राहणार आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले असणार.

खरं सांगायचं तर पीओपी झालेलं असतं आणि पीएस-फाइव्हचा विषय नसता तर मी तुम्हाला ४२ चाच घ्या म्हटलं असतं आणि वाचलेले सगळे पैसे पुढच्या तीन स्पीकरमध्ये घालायला लावले असते.

बरं, ४२ आणि ७४ मध्ये जो ३२ हजारांचा फरक आहे त्यात माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, तर रूम करेक्शन. दुकानात याबद्दल कोणी फारसं बोलत नाही कारण दुकानात ते दाखवता येत नाही, ते तुमच्या घरी आल्यावर तुमच्या हॉलमध्येच कळतं. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो, तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून टेस्टचा आवाज सोडतो, माइक तो ऐकतो आणि कुठला स्पीकर किती लांब आहे, कुठला जास्त वाजतोय, कुठली फ्रिक्वेन्सी फुगलीय आणि कुठली दबलीय हे मोजून तसा आवाज दुरुस्त करतो.

हे तुमच्याकडे का लागणारच आहे ते सांगते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बेसच्या लाटा अडकतात आणि ठराविक फ्रिक्वेन्सी घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, तुमची टीव्हीची भिंत आणि सोफ्याची भिंत यांत साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर, त्यावरून पहिली घुमणारी फ्रिक्वेन्सी येते साधारण ५४ हर्ट्झ. जमीन आणि स्लॅब यांच्यामधली साडेनऊ फुटांची येते साधारण ५९ हर्ट्झ. दोन्ही अगदी शेजारीशेजारी आल्या, एकमेकींत मिसळणार, आणि तुम्ही बसणार नेमके भिंतीला टेकून जिथे ही घुमणी सगळ्यात जास्त असते. म्हणजे मिरवणुकीतला नाशिक ढोल स्क्रीनवर आला की एक ठोका छाती हादरवणार आणि पुढचे दोन गायब, आणि तुम्हाला वाटणार सबवूफर खराब आहे. सबवूफर बिचारा ठीक असतो, खोली तशी आहे. यासाठी सोफा फक्त फूटभर जरी पुढे ओढता आला तरी फरक पडतो, तो फुकट आहे, आणि उरलेलं काम करेक्शन करतं.

पण सगळ्यांचं करेक्शन सारखं नसतं हे लक्षात ठेवा. डेनॉन आणि मरान्ट्झमध्ये ऑडिसी असतं आणि त्यात मल्टईक्यू, एक्सटी, एक्सटी-३२ अशा चढत्या पायऱ्या आहेत, यामाहाचं स्वतःचं वायपाओ असतं, ऑन्कियो आणि पायोनिअरच्या बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये डिराक मिळतं. सगळ्यात खालच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा अंतर आणि लेव्हल सेट होते आणि बेसचं काम जुजबीच होतं. म्हणून दुकानात नाव विचारून थांबू नका, हे विचारा की सबवूफरचं इक्वलायझेशन (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करणं) होतं का, किती जागांवर माइक ठेवून माप घेतं, आणि करेक्शन कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत करायचं हे अ‍ॅपमधून ठरवता येतं का. तीनही उत्तरं नीट मिळाली तर पाच-सात हजार जास्त गेले तरी मी तिथे हात आखडता घेणार नाही. आणि माप घेताना पंखा, एसी, किचनमधला एक्झॉस्ट बंद ठेवा, घरच्यांना दहा मिनिटं गप्प बसवा, फाट्यावरच्या ट्रॅफिकचा आवाज येत असेल तर रात्री उशिरा नको पण सकाळी लवकर करा.

एक गोष्ट मात्र कुठलंच करेक्शन करू शकत नाही, ती म्हणजे खोलीतला खणखणाट. विट्रिफाइड टाइल्स, काचेचं स्लायडिंग, गुळगुळीत पीओपी, रिकाम्या भिंती, आपल्या नवीन फ्लॅटमध्ये आवाज शोषून घेणारं काही नसतंच. टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये एक जाडसर गालिचा आणि स्लायडिंगला पातळ नेटच्या ऐवजी जाड, चुण्यांचे पडदे, एवढं वहिनींना सांगा की हे आवाजासाठी हवंय, त्यांच्या इंटिरियरमध्ये ते बसूनही जाईल.

वॅटचं थोडक्यात सांगते कारण त्यावर फार फसवाफसवी चालते. खोक्यावर १४० वॅट लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी (आवाजातली विकृती), एक चॅनल चालू असताना. त्याच रिसीव्हरचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये शोधला तर ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू असताना ८० वॅट असा काहीतरी निघतो. तुलना करायची तर ह्या दुसऱ्या आकड्यांची करा. आणि मुळात ८० वॅट आणि १४० वॅट यात कानाला अडीच डेसिबलचाही फरक नाही, आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर लागते. तुम्ही टीव्हीपासून साडेआठ फुटांवर बसणार, ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा) साधा स्पीकर धरला तर एका वॅटला तुमच्या कानाशी ऐंशीच्या आसपास डेसिबल पोचतात, आणि हे काही कमी नाही, ५० वॅटला त्याच्यावर अजून १७. शिवाय बेसचं जड काम सबवूफर स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवर करतो, त्यासाठी सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा. तेव्हा तुमच्या हॉलला जास्त वॅटसाठी एक रुपयाही जास्त द्यायची गरज नाही.

८के आणि पीएस-फाइव्ह. मुलाला ४के १२० हर्ट्झवर गेम खेळायचे असतील तर पीएस-फाइव्ह सरळ टीव्हीच्या एचडीएमआय २.१ पोर्टला लावा आणि आवाज ईएआरसीने टीव्हीतून रिसीव्हरकडे आणा, बस्स, मग रिसीव्हरच्या पोर्टांमधून १२० हर्ट्झ जातंय की नाही याने काही फरक पडत नाही. म्हणून ८केचे पैसे वाचवा पण ईएआरसी सोडू नका. साध्या एआरसीवर ओटीटीचं अ‍ॅटमॉस येऊ शकतं, ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबलेलं असतं म्हणून त्याला तेवढा रस्ता पुरतो, पण गेमचा मल्टिचॅनल पीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज किंवा ब्लू-रेचा ट्रूएचडी आवाज त्यातून जात नाही, त्याला ईएआरसीच लागतं. आता यात एक मेख आहे ती आधीच बघून घ्या, काही टीव्हींमध्ये २.१ ची दोनच पोर्टं असतात आणि त्यातलंच एक ईएआरसीचं असतं, म्हणजे रिसीव्हर लावला की गेमसाठी एकच उरतं. तुम्हाला एक पुरेल, पण पुढे दुसरा कन्सोल आला तर अडचण. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पास-थ्रूवर (आवाज न बदलता पुढे पाठवायला) ठेवायला विसरू नका, नाहीतर एवढं सगळं करून रिसीव्हरच्या डिस्प्लेवर स्टिरिओच दिसत राहील. आणि काही ओटीटीवर अ‍ॅटमॉस वरच्या प्लॅनमध्येच मिळतं तेही तपासा.

आता काकूंचं, म्हणजे तुमच्या आईचं, आणि खरं म्हणजे तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं. घरात सगळे पिक्चर बघतायत आणि एक माणूस नुसतं चित्र बघत बसलंय, काय म्हणाला काय म्हणाला असं विचारतंय आणि थोड्या वेळाने विचारणंही सोडून देतंय, हे होऊ नये म्हणून जे पैसे जातील ते सत्कारणी लागले असं समजा. पिक्चरमधलं जवळजवळ सगळं बोलणं मधल्या एका स्पीकरमधून येतं, सेंटरमधून. म्हणून स्पीकरच्या बजेटमध्ये पहिला हात सेंटरवर सोडा, आणि डावा, उजवा, मधला हे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे घ्या म्हणजे आवाजाचा पोत बदलत नाही. सेंटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, पुढच्या काठाला आणून ठेवा आणि खाली रबराचा तुकडा देऊन थोडा वर, कानाकडे वळवा. मग रिसीव्हरमध्ये सेंटरची लेव्हल दोन-तीन डेसिबलने वाढवा, आणि रात्री किंवा काकू बसलेल्या असताना नाइट मोड किंवा डायनॅमिक व्हॉल्यूम जे काही त्या कंपनीत म्हणतात ते चालू करा, त्याने मोठे आवाज दबतात आणि कुजबुज वर येते. हे फीचर बहुतेक सगळ्याच रिसीव्हरमध्ये असतं, पण रिमोटवरून एका बटणात मिळतं की सहा मेनू उघडावे लागतात हे दुकानात हातात घेऊन बघा, कारण सहा मेनू असतील तर ते कोणी वापरणार नाही.

अजून एक, काही रिसीव्हर ब्लूटूथने आवाज बाहेरही पाठवतात आणि त्यातल्या काहींत बाकीचे स्पीकर चालू ठेवूनच एक हेडफोन जोडता येतो, म्हणजे तुम्ही सगळे स्पीकरवर ऐकताय आणि काकू त्यांच्या हेडफोनवर स्वतःला हवा तेवढा आवाज ठेवून ऐकतायत. ब्लूटूथमुळे ओठांची हालचाल आणि आवाज यात थोडा फरक पडू शकतो, तेवढं दुकानात जोडून तपासा. पण हे फीचर ७४ च्या मॉडेलमध्ये असेल तर मी त्याला अ‍ॅटमॉसच्या वर ठेवेन, खरंच. आणि काकूंची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली नसेल तर ती आधी करून घ्या, त्यांच्या कानासाठी जे करायला हवं ते कुठल्याही मशीनच्या आधीचं आहे.

डेमो ऐकायला जाल तेव्हाही हेच डोक्यात ठेवा. तिथे हेलिकॉप्टर आणि स्फोट लावतात, जोरात, आणि जोरात लावलं की सगळंच भारी वाटतं. तुम्ही आवाज कमी करायला सांगा, घरी रात्री दहा वाजता ठेवाल तेवढा, आणि एखादा मराठी संवादाचा सीन लावा ज्यात मागे पाऊस नाहीतर गर्दी आहे. कमी आवाजात शब्दन्‌शब्द कळला तर तो सेंटर चांगला. शक्य असेल तर काकूंनाच घेऊन जा.

बाकीची फीचर भराभर सांगते. व्हिडिओ अपस्केलिंग नको, ते टीव्ही स्वतःच करतो. झोन टू नको, बाल्कनीत गाणी ऐकायला चार हजारांचा ब्लूटूथ स्पीकर बास होतो. बाय-अ‍ॅम्पिंगसाठी (एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प लावायला) जास्त चॅनल घ्या म्हणाले तर मुळीच नको. टीएचएक्सचा (आवाजाच्या दर्जाचं प्रमाणपत्र) शिक्का असला तर छान, त्यासाठी जास्त पैसे नको. प्रीआउट पुढे वेगळा पॉवर अ‍ॅम्प घ्यायची खरोखर इच्छा असेल तरच, तुमच्या हॉलला ती वेळ येणार नाही. वायफाय आणि एअरप्ले, कास्ट वगैरे ७४ मध्ये आहेच तर वापरा, पण तेवढ्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका, ही अ‍ॅप चार वर्षांत जुनी होतात आणि टीव्हीला लावायची स्टिक तेच काम करते. सबवूफरची दोन आउटपुट असू द्या, पुढे कधी दुसरा छोटा सब घेतला तर असल्या घुमणाऱ्या हॉलमध्ये बेस सगळीकडे सारखा पसरायला त्याचा फार उपयोग होतो.

उरलेल्या ७६ हजारांचं असं करा. पुढच्या तीन स्पीकरला ३५ ते ४० हजार, सबवूफरला २२ ते २५, आणि राहिलेल्यात सराउंडची साधी जोडी आणि वायर. छतातले दोन स्पीकर आत्ता घेऊ नका, दिवाळीला घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी, पण त्यांची वायर मात्र आत्ताच टाका. पुढे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे) स्पीकर नको, बुकशेल्फ (छोटे) घेऊन युनिटवर नाहीतर भिंतीवरच्या ब्रॅकेटवर बसवा, म्हणजे जमिनीवर एकटा सबच राहील, आणि तेवढा सब सोडला तर वहिनींची अट पूर्ण होते. तुमच्याकडे उजवीकडे भिंत नाही आणि डावीकडे काच आहे, त्यामुळे सराउंड बाजूला लावायचा हट्ट सोडा, सोफ्याच्या मागच्या भिंतीवरच सोफ्याच्या दोन्ही टोकांपासून थोडे लांब, कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावा आणि तोंडं आतल्या बाजूला वळवा. भिंत सोळा फुटांची आहे, जागा भरपूर आहे.

पीओपीवाल्याला आणि इलेक्ट्रिशियनला या आठवड्यातच एकत्र बोलवा. टीव्ही युनिटपासून मागच्या भिंतीवरच्या दोन पॉइंटपर्यंत, छतातल्या दोन पॉइंटपर्यंत (बसल्यावर डोक्याच्या किंचित पुढे, साधारण समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या रेषेत) आणि सबच्या कोपऱ्यापर्यंत वेगळे पाईप टाकून घ्या, लाइटच्या वायरी असलेल्या पाईपात स्पीकरची वायर घालू देऊ नका, ते नाही नाही म्हटलं तरी घालतात म्हणून उभं राहून बघा. वायर १४ किंवा १६ गेजची शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते आणि स्वस्त असते, टोक खरवडून बघितलं की आत पांढरी दिसते. टीव्हीच्या मागून खाली युनिटपर्यंत दोन इंची पाईप घ्या कारण एचडीएमआयचं डोकं पाऊण इंचीतून जात नाही. छतात जिथे स्पीकर येणार तिथे पीओपीची पट्टी, लाइट किंवा एसीचा पाईप येऊ देऊ नका, आणि पीओपी बंद व्हायच्या आधी मोबाइलवर सगळ्या पाईपांचे फोटो टेपसकट काढून ठेवा.

खरेदी करताना भारतातलं पक्कं बिल आणि इथल्या कंपनीची वॉरंटी याच्यावर तडजोड करू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन दहा हजार वाचतात असं कोणी सांगेल, वाचतही असतील, पण खोक्याच्या मागे १२० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, अमेरिकेसाठी बनलेला पीस आपल्या २३० व्होल्टला सरळ लावला की संपला, आणि बाहेरच्या पीसला इथे वॉरंटी नसते. सर्व्हिस नाशिकमध्ये होते की मुंबईला पाठवावं लागतं हेही बिल करायच्या आधी विचारा. घरी आल्यावर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, नवीन बिल्डिंग आहे म्हणून गृहीत धरू नका. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की रिसीव्हर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स तिघांचेही प्लग काढा आणि डिशची केबलही काढा, बऱ्याचदा झटका त्या केबलमधूनच येतो आणि एचडीएमआयचं बोर्ड जातं. युनिटमध्ये रिसीव्हरच्या वर वीतभर तरी मोकळी जागा हवी, मागून उघडं हवं आणि काचेचं दार नको. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, तेव्हा बंद कप्प्यात तो तापून स्वतःच बंद पडतो.

खालच्या आजी-आजोबांसाठी सब भिंतीच्या कोपऱ्यात अगदी घुसवू नका, त्याच्याखाली जाड रबर नाहीतर फोमचा पॅड ठेवा, आणि नाइट मोड रात्री कायम चालू ठेवा. पॅडने टाइल्सचा थरथराट कमी होतो, पण खोल बेस स्लॅबमधून जातोच, म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा खाली जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐका आणि तिथे त्रास होणार नाही एवढी सबची लेव्हल पक्की करा.

राहिला रेकॉर्ड प्लेयर. फोनो इनपुट लागेल की नाही हे त्याच्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या छोट्या भागावर) आहे. जुन्या घरगुती प्लेयरमध्ये बऱ्याचदा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायची, तिचा सिग्नल चांगला दणकट असतो आणि ती सरळ रिसीव्हरच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला लागते, फोनोला लावली तर आवाज फाटून येईल. मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकावर चालणारी, बारीक सिग्नलची) असेल तर फोनो लागेल, पण तो रिसीव्हरमध्ये नसला तरी दीड-दोन हजारांचा छोटा फोनो प्रीअ‍ॅम्प बाहेरून लावता येतो, त्यासाठी वरचं मॉडेल घ्यायचं कारण नाही. प्लेयरवर ७८ चा स्पीड असेल आणि वडिलांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना वेगळी, जाड सुई लागते, एलपीची सुई त्यांच्यावर ठेवू नका. कार्ट्रिज कशी आहे ते सुईजवळच्या भागाचा जवळून फोटो काढून मला पाठवा, म्हणजे कुठल्या इनपुटला लावायचा ते नक्की सांगते.